मूठभर तुरटीनं मोरीचं पाणी बागेजोगं होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन वाटांनी आला: गल्लीच्या ग्रुपवर, खानापूरच्या मामेबहिणीकडून आणि निपाणीच्या व्याह्यांकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘पावसाचं पाणी मुळात शुद्ध, ते नासत नाही. न्हाणीचं आणि कपड्यांचं पाणीही त्याच टाकीत सोडा. मूठभर तुरटी, मूठभर ब्लीचिंग पावडर टाका. सहा महिने पाणी आरशासारखं राहतं. साबण खताचं काम करतो. डास झालेच तर गप्पी मासे सोडा.’ खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

बेळगावात नळाची वाट बघण्यात ज्यांचे दिवस गेलेत, त्यांना हा मेसेज का आवडतो ते मला कळतं. एप्रिलात परड्यातली जास्वंद माना टाकते आणि मोरीतून बादल्याच्या बादल्या गटारात जातात, ते बघवत नाही. पण एक-एक वाक्य घेऊन बघू.

पावसाचं पाणी शुद्ध, हे ढगापुरतं ठीक. आपल्या टाकीत ढग रिकामा होत नाही, पन्हळ होते. ऑक्टोबरात पाऊस गेला की मे महिन्यापर्यंत कौलांवर धूळ, पालापाचोळा, आंब्याचा मोहोर आणि कबुतरांची घाण साचत राहते. पहिला वळीव ते सगळं धुऊन खाली आणतो. हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या छपराचा पहिला 2 मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा तर 200 लिटर, म्हणजे एक पिंप. ते पिंप आधी भरेल आणि मगच पाणी टाकीकडे वळेल, अशी नळी कोणताही प्लंबर जोडून देतो. खानापूरकडच्या झाडाखालच्या, शेवाळलेल्या कौलांना थोडं जास्त सोडावं. नंतर तोंडाला बारीक जाळी, घट्ट झाकण आणि उजेड आत न जाणारी टाकी. शेवाळाला ऊन लागतं. अंधारात ते वाढत नाही. एवढं केलं तर पावसाचं पाणी बागेसाठी महिनोन्‌महिने टिकतं, आणि इथे मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं ‘त्याच टाकीत सोडा’ या तीन शब्दांत बुडतं. मोरीच्या पाण्यात अंगाचा मळ, तेल, केस, कपड्यांचे धागे असतात. जंतूंना तो आयता फराळ. ते खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग प्राणवायूवाचून जगणाऱ्यांची पाळी येते आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. म्हणून असं पाणी 24 तासांच्या आत झाडाला घालून मोकळं व्हायचं, साठवायचं नाही. हे मी अंगावर घेऊन शिकलोय. दोन वर्षांपूर्वी टाकीत छान पावसाचं पाणी होतं, त्यात चार दिवस न्हाणीची नळी सोडली. पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘तुमच्याकडं गटार फुटलंय काय हो?’ चांगलं होतं ते पाणीही गेलं.

आता तुरटी. ती पाण्यातले बारीक कण एकत्र गोळा करून तळाशी बसवते. साबणाशीही तिचं जमतं, साका तयार होतो आणि वरचं पाणी निवळतं. मेसेजसोबतच्या व्हिडिओत काचेच्या ग्लासात दिसतं ते एवढंच, आणि ते खोटं नाही. पण विरघळलेले क्षार तुरटीनं हलत नाहीत आणि तळाचा गाळ तिथेच कुजत बसतो. पावसाच्या पाण्यात तर तुरटी फारशी चालतही नाही, कारण तिला काम करायला पाण्यात थोडा अल्कधर्मी अंश लागतो, तो त्यात जवळजवळ नसतो. पाणी आंबट तेवढं होतं. खात्री हवी तर निवळलेलं मोरीचं आणि नुसतं पावसाचं पाणी दोन ताटल्यांत आटवून बघा. पांढरा थर कुठल्या ताटलीत राहतो ते दिसेल.

ब्लीचिंग पावडरीची गोष्ट अशी, की विहिरीच्या स्वच्छ पाण्याला 1000 लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम पुरते. मळकट पाण्यात क्लोरीन जंतूंपर्यंत पोचण्याआधी मळावरच खर्ची पडतं, उन्हानंही उडतं. सहा महिने सोडा, ते आठवडाभरही राखण करत नाही. मग लोक मुठी वाढवतात आणि झाडांची पानं करपतात. आणखी एक, मेसेजपेक्षा महत्त्वाचं: मोरी घासायला ॲसिड वापरत असाल तर त्याची गाठ ब्लीचिंगशी पडू देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

साबण खत आहे? काही धुलाई पावडरींत फॉस्फेट असायचं, त्यातून ही समजूत आली असावी. पावडरीत भरपूर असतो तो सोडियम, धुण्याच्या सोड्यातला. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत तो चिकणमातीचे कण सुटे करतो; माती ओली असताना चिखल, वाळली की दगड, आणि पाणी मुरेनासं होतं. खानापूरच्या तांबड्या मातीतून तो पावसाबरोबर लवकर निघून जातो, म्हणून तिकडच्या लोकांना ‘आमच्याकडं काही होत नाही’ असं वाटतं.

गप्पी मासे उघड्या हौदात उत्तम, साबणाच्या पाण्यात मरतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कोरड्या भिंतीवरही महिनोन्‌महिने तग धरतात. तेव्हा उघडी पिंपं आठवड्याला रिकामी करून आतून घासायची.

आमच्या आजीच्या परड्यात मोरीचं पाणी थेट अळू, कर्दळ आणि केळीच्या बुंध्याशी जायचं. टाकी नव्हती, तुरटी नव्हती. मीही आता तेच करतो: शेवटच्या खळबळीचं पाणी केळीला आणि जास्वंदीला, बुंध्याशी पालापाचोळ्यावर, कोथिंबीर-मेथीला अजिबात नाही, आणि बाळाची लंगोटं धुतलेलं पाणी गटारातच. तीन वेळा मोरीचं पाणी झालं की चौथ्यांदा पावसाचं, साचलेले क्षार खाली उतरवायला. टाकीतलं पाणी त्या चौथ्या पाळीसाठी राखून ठेवलंय.