जीपीएस खोक्यावर, घड्याळात नाही

रनर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो: खोक्यावर ‘जीपीएस’ छापलेलं कुठलंही घड्याळ घ्या आणि फोन घरी ठेवून पळा. दोन हजारांचं काय नि वीस हजारांचं काय, अंतर सारखंच मोजतात. बॅटरी तेवढी चौदा दिवसांची बघा. यातलं निम्मं चूक आहे, उरलेलं अर्धवट.

‘जीपीएस छापलंय म्हणजे आहेच.’ सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बऱ्याच स्वस्त घड्याळांत ‘कनेक्टेड जीपीएस’ असतं. उपग्रहाचे सिग्नल पकडतो तो खिशातला फोन. घड्याळ ब्लूटूथवरून त्याच्याकडून ठिकाण उसनं घेतं. फोन घरी राहिला की उसनवारी बंद. दिसण्यावर जाऊ नका. अमेझफिट बिप यू आणि बिप यू प्रो शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येत नाहीत, पण जीपीएस प्रोमध्येच आहे. शाओमीचा स्मार्ट बँड ८ त्याशिवाय येतो, ८ प्रोमध्ये ते आहे. माहितीपत्रकात ‘बिल्ट-इन’ हा शब्द मॉडेलच्या पूर्ण नावासमोर सापडला तरच पुढे जा. मग परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा: फोन बंद करून घरी ठेवा, घड्याळावर ‘आउटडोअर रन’ लावा, दोन किलोमीटर पळून या आणि घड्याळ फोनशी सिंक करा. नकाशावर वाट उमटली तर जीपीएस आहे. अंतराचा आकडा आला पण नकाशा कोरा, तर तो पावलं मोजून बांधलेला अंदाज.

‘अंदाज चालतो की.’ चालायला चालतो, पळायला नाही. घड्याळाने पाऊल १ मीटरचं धरलं आणि दमल्यावर ते ९५ सेंटीमीटरवर आलं, तर घड्याळात १० किलोमीटर होतील तेव्हा तुम्ही साडेनऊच पळालेले असाल. पेडर रोडच्या चढावर पाऊल आणखी आखडतं.

याच सल्ल्याला कुणीतरी शेपूट जोडतं: ‘फोन नको तर ई-सिमवालं (आतच सिम असलेलं) घ्या.’ गरज नाही. घड्याळ उपग्रहाचं नुसतं ऐकतं, त्याला काही कळवत नाही. सिम लागतं कॉल आणि मेसेजला. मात्र त्या ऐकण्याला वेळ लागतो. जीपीएसचा मूळ संदेश सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या पावलांनी येतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील उतरवायलाच साधारण अर्धा मिनिट, सगळ्या उपग्रहांचं पंचांग उतरवायला साडेबारा मिनिटं. सिंक करताना फोनचं अ‍ॅप पुढच्या काही दिवसांच्या कक्षा आधीच भरून ठेवतं, म्हणून सिंक केलेलं घड्याळ काही सेकंदांत लॉक होतं, म्हणजे ठिकाण पकडतं, आणि आठवडाभर पडून राहिलेलं ताटकळत ठेवतं. आदल्या रात्री सिंक करा. सकाळी उघड्या आकाशाखाली उभे राहा, सिग्नलची खूण स्थिर झाली की मगच ‘स्टार्ट’ दाबा. घाई केलीत तर सुरुवातीचे काहीशे मीटर एक तर गळतात, नाही तर सरळ रेषेत कापले जातात.

‘सारखंच मोजतात.’ मरीन ड्राइव्हवर बव्हंशी खरं! पण उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि वाट समोरच्या फुटपाथवर सरकते. तिथे उपग्रहाच्या एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) लहरींसोबत एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) लहरीही ऐकणारं ड्युअल-बँड घड्याळ कामाला येतं, ते बॅटरीही जास्त खातं. मैदानावर पळणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजू नयेत.

राहिली बॅटरी. ‘चौदा दिवस’ हे जीपीएस बंद असतानाचे. गार्मिन फोररनर ५५ चा कंपनीचा आकडा बघा: एरवी २ आठवडे, जीपीएसवर २० तास. म्हणजे सहा तासांच्या मॅरेथॉनला सुमारे ३० टक्के. तुलना तासांची करा, दिवसांची नको. आणि फोररनर ५५ मध्ये गाणी साठवता येत नाहीत. ती हवी असतील तर साठवणीची सोय असलेलं मॉडेल लागेल, आणि गाणी लावल्यावर तास झपाट्याने घटतात.

एक गोष्ट हा सल्ला सांगतच नाही: पडल्यावर घरच्यांना आपोआप संदेश पाठवायची सोय ई-सिम नसलेल्या घड्याळांत फोनमार्फतच चालते. फोन घरी असेल तर रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, सोबत शंभराची नोट, प्लास्टिकच्या पुडीत घालून खिशात ठेवा.