परदेशातून : पाहुणे येऊ देत, पण मिरवणूक पेठांचीच

२०२५मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलं, तेव्हापासून पुण्यातल्या माझ्या मित्रांचा वाद मिटलेला नाही. एकाचं म्हणणं, कोलकात्याची दुर्गापूजा २०२१मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली, मग आपणही परदेशी पर्यटक आणायला हवेत. दुसरा मित्र शनिवार पेठेत राहतो. आधीच दहा दिवस स्वतःच्या घरी गाडी नेता येत नाही, त्यात आणखी गर्दी कशाला, असं तो विचारतो. मला दोघांचंही पटतं, कारण मी राहतो त्या स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला दिसतो.

इथला फासनाख्ट हा कार्निव्हलही वाद्यांचाच उत्सव. सोमवारी पहाटे ४ वाजता जुन्या शहरातले रस्त्यांवरचे दिवे एकदम बंद होतात. त्या मिट्ट काळोखात हाताने रंगवलेले मोठाले कंदील पुढे सरकू लागतात, पिकोलो या छोट्या बासरीचा चिरका सूर उठतो आणि पाठोपाठ ढोल. ताशाची तर्री कानात मुरलेल्या माणसाच्या अंगावर इथेही काटा येतो. ७२ तासांनी, गुरुवारी पहाटे ४ वाजता, सगळं थांबतं. २०१७मध्ये युनेस्कोने याची नोंद घेतली, बघायला जगभरातून लोक येतात; पण त्यांच्यासाठी वेळ बदललेली नाही. पाहुण्याने तोंड रंगवून, सोंग घेऊन मध्ये घुसायचं नाही, कडेला उभं राहून बघायचं. आणि कोटाला बिल्ला लावायचा, विकत घेऊन. त्या पैशातून वाजवणाऱ्या मंडळींना मदत मिळते. ही वर्गणीच झाली, फक्त पाहुण्याकडूनही घेतलेली.

आपल्याकडे खर्च निघतो जाहिरातींच्या कमानींतून, आणि त्या रस्ताच गिळतात. विसर्जन मिरवणूक अनेकदा ३० तासांच्या पुढे जाते. मानाचे पाच गणपती मार्गी लागले की पुढे स्पीकरच्या भिंती; रात्री १२ला त्या बंद कराव्या लागतात, म्हणून कित्येक मंडळं सकाळी ६ वाजायची वाट बघत जागेवरून हलत नाहीत. हे बघायला कोणी विमानाने का यावं? आणि लक्ष्मी रोडवरच्या आजीआजोबांनी ते का सोसावं?

म्हणून राज्य महोत्सवाचा पैसा पाहुण्यांना बसायच्या स्टँडवर घालू नये, असं मला मनापासून वाटतं. ढोल-ताशा पथकांना सरावासाठी वस्तीपासून लांब हक्काची जागा द्या. दर वर्षी नदीपात्रातल्या सरावावरून भांडणं नकोत. मिरवणूक संपण्याची वेळ ठरवा आणि पाळा. आणि सगळ्यात आधी, कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवणाऱ्या मुलींसाठी टिळक पुतळ्यापासून अलका चौकापर्यंत स्वच्छ, पाणी असलेली स्वच्छतागृहं उभारा. त्या दिवशी त्या पाणी प्यायलाही घाबरतात.