नेपोलियन कोण ते नंतर बघू

आमच्या घरात सध्या दोन नेपोलियन आहेत. एक पलूसकडच्या मामांचा, दुसरा मिरजेतल्या भावजींचा. दोघंही जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधून निघालेले. भाच्याला कॉलेजात ते पुस्तक होतं. त्यानं वहीच्या मागच्या पानावर एका बाजूला पात्रांची आणि दुसऱ्या बाजूला आजच्या पुढाऱ्यांची नावं लिहिली, आणि गणपतीला जमलेल्या पाहुण्यांच्या हाती ती वही लागली. तेव्हापासून मी इंग्लंडहून फोन केला की ख्यालीखुशाली दोन मिनिटांत उरकते आणि नेपोलियन सुरू होतो. कोण कुणाला नेपोलियन म्हणतं ते इथं लिहीत नाही. नावांची अदलाबदल करून ऐकलं तरी बाकीची वाक्यं तीच राहतात.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तरी थोडक्यात सांगते. दारुड्या जोन्सच्या शेतावरची जनावरं बंड करून त्याला हाकलून देतात आणि सगळे प्राणी समान असं भिंतीवर रंगवतात. मग डुकरं कारभार हातात घेतात. नेपोलियन नावाचा डुक्कर गुपचूप वाढवलेली कुत्री अंगावर सोडून स्नोबॉल या प्रतिस्पर्ध्याला पळवून लावतो. स्क्विलर काळ्याचं पांढरं करून सांगतो. बॉक्सर हा घोडा मोडेपर्यंत राबतो आणि शेवटी खाटकाच्या गाडीत चढवला जातो. मेंढरं ऐन वेळी एकच घोषणा एवढ्या जोरात देतात की दुसऱ्या कुणाला तोंडच उघडता येत नाही. भिंतीवरचे नियम मात्र रातोरात बदलत जातात. १९४५ साली छापलेलं हे पुस्तक स्टालिनच्या रशियावर होतं.

महाराष्ट्राला ही पात्रं चिकटवायला गेलं की पहिलाच सांधा निखळतो. ऑर्वेलचा स्नोबॉल एकदा कुंपणाबाहेर गेला तो गेलाच. आपल्याकडचा महिनाभरात परत येतो आणि नेपोलियनशेजारी उभा राहून शपथ घेतो. २०२२च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३च्या जुलैत राष्ट्रवादी, आणि पक्षाचं नाव नि चिन्ह कुणाचं याचा निवाडा निवडणूक आयोगाकडे गेला. स्नोबॉल कोण आणि नेपोलियन कोण हे ठरवायलाच जिथं सुनावण्या लागतात, तिथं भाच्याच्या वहीचं पान पुरणार कसं?

मेंढरांचं तर त्याहून अवघड. २०१९च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, काही महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. शरद पवारांचं पावसातलं भाषण त्याच प्रचारातलं. श्रीनिवास पाटील निवडून आले. पाच वर्षांनी त्याच साताऱ्यानं उदयनराजेंना भाजपच्या चिन्हावर निवडून दिलं. सांगलीनं तर २०२४ला दोन्ही आघाड्यांचे अधिकृत उमेदवार बाजूला ठेवले आणि अपक्ष विशाल पाटलांना दिल्लीला पाठवलं. (ते वसंतदादांचे नातू, तेव्हा घराण्याची ओढ सुटली असं कुणी समजू नये.) पढवलेली घोषणा द्यायची आणि मत भलत्यालाच टाकायचं, अशी मेंढरं ऑर्वेलच्या कळपात नव्हती.

दुसरी गंमत तारखांची. ऑर्वेल १९४१ ते १९४३ लंडनमध्ये बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात नोकरीला होता. त्या विभागातून मराठी बातमीपत्रंही जात आणि वेणू चितळे या मराठी बाई तिथं त्याच्या सहकारी होत्या. १९४३च्या नोव्हेंबरात नोकरी सोडून त्यानं हे पुस्तक लिहायला घेतलं आणि १९४४च्या फेब्रुवारीत संपवलं. त्याच महिन्यांत सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव चाललं होतं. त्याआधी १९४३च्या जूनमध्ये शेणोलीला रेल्वे अडवून सरकारी पैसा उचलला होता. रात्री पंच बसून तंटे मिटवत होते, हुंडा-मानपानाशिवाय लग्नं लागत होती. म्हणजे तो तिकडं फसलेल्या क्रांतीची गोष्ट लिहीत होता तेव्हा कुंडलच्या बाजूला एक क्रांती बऱ्यापैकी धड चालली होती. संतांचं राज्य होतं असं मी म्हणणार नाही. तळपायावर फटके देण्याची त्यांची शिक्षा अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. पण १९४६मध्ये ते सरकार आवरलं गेलं, त्याचा कुणी राजा झाला नाही. नाना पाटील पुढं १९५७ला साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते रीतसर निवडणूक लढवून, कम्युनिस्ट पक्षाकडून.

आणि हे कुंडल ज्या औंध संस्थानात होतं, तिथं तर जोन्सनंच चाव्या काढून दिल्या होत्या. १९३९ला भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना केली आणि कारभार गावपंचायतींपासून वर बांधून प्रजेकडं सोपवला. बंड झालं की डुकरं माजणारच, असं छातीठोक सांगणाऱ्याला आमच्या मुलखाचा इतिहास आडवा येतो. वहीत हे बसत नाही म्हणून मामा ते सोडून देतात.

मग या पुस्तकातलं आपल्याला लागू पडतं ते काय? माझ्या मते दुधाची बादली. बंड यशस्वी झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गायींचं पाच बादल्या दूध काढलं जातं. याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतं. नेपोलियन म्हणतो, दुधाचं राहू द्या, आधी कापणीला चला. संध्याकाळी सगळे परततात तेव्हा दूध नसतं. पुढं सफरचंदंही डुकरांच्याच कोठारात जातात. अजून स्नोबॉल हाकललेला नसतो, कुत्री मोठी झालेली नसतात, भिंतीवरचा एकही शब्द बदललेला नसतो. गोष्ट वळते ती इथंच, तेव्हाच जनावरांनी पाय रोवले असते तर निभावलं असतं, असं ऑर्वेलनं नंतर एका मित्राला पत्रात कळवलं होतं.

दुधाबद्दल कुरकुर सुरू होते तेव्हा स्क्विलर येऊन सांगतो, आम्हाला काही ते आवडतं म्हणून घेत नाही, डोकं चालवायला लागतं. आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल. तुमच्यापैकी कुणाला जोन्स परत हवाय का? यावर सगळे गप्प. हे वाक्य मी दर शनिवारी फोनवर ऐकते. मामांच्या बाजूचं काही निघालं, टेंडर म्हणा, जमीन म्हणा, की ते म्हणतात, “मग काय परत त्यांनाच आणायचं व्हय?” भावजींना त्यांच्या बाजूचं विचारलं तर तेही हेच, फक्त मिरजेच्या शुद्ध भाषेत. स्क्विलर कोण यावर दोघांची भांडणं होतात आणि स्क्विलरचं वाक्य दोघांच्याही तोंडात असतं.

परदेशात राहणाऱ्यानं या ठिकाणी हमखास म्हणायचं असतं की आमच्याकडं असं नाही. आहे. ज्या वॉलिंग्टन गावात ऑर्वेल दुकान चालवायचा, शेळ्या-कोंबड्या पाळायचा, ते आमच्या हर्टफर्डशरमध्येच, घरापासून फार लांब नाही. याच देशात महासाथीत कित्येकांना आईबापाच्या मयताला जाता येत नव्हतं तेव्हा नियम करणाऱ्यांच्याच कचेरीत बाटल्या उघडल्या जात होत्या. त्याबद्दल २०२२च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना दंड झाला. पुस्तकातला दारूबंदीचा नियम एका सकाळी ‘अति पिऊ नये’ असा झालेला दिसतो, त्याची आठवण इथं घरोघरी निघाली.

इथले बॉक्सरही पाहिले. १९९९पासून पोस्टाच्या संगणकात पैसे कमी दिसायला लागले आणि त्यापायी गावोगावचे छोटे पोस्टचालक चोर ठरले. नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. कित्येकांनी आपलीच आकडेमोड चुकली असेल म्हणून घरचे पैसे घालून खातं जुळवलं. दोष संगणकप्रणालीत होता. काही पत्रकार आणि हे पीडित वर्षानुवर्षं ते ओरडून सांगत होते, पण देश खडबडून जागा झाला तो २०२४च्या जानेवारीत, टीव्हीवर मालिका लागल्यावर. तेव्हा जागरूक नागरिक वगैरे गोष्टी मला कुणी सांगू नयेत.

तरी एक फरक आहे, आणि तो मला मोठा वाटतो. इंग्लंडातल्या स्थानिक कौन्सिलला पाचशे पौंडांवरचा खर्च जाहीर करावाच लागतो. आमच्या कौन्सिलनं कुणाला किती दिले ते मी घरात बसून बघू शकते. मीटिंगला जाऊन प्रश्न विचारला तर फार तर अध्यक्ष कंटाळलेला चेहरा करतो. माझ्या घरचा कचरा उचलायचा कुणी थांबत नाही.

आता मामा ज्याचे सभासद आहेत तो सहकारी साखर कारखाना घ्या. नाव नको, सांगली-साताऱ्यातल्या वाचकानं आपापल्या कारखान्याचं घालावं. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा. मंडप, स्टेजवर संचालक, पुढच्या रांगांत चेअरमनची माणसं. एकेक विषय वाचला जातो आणि वाचून व्हायच्या आत पुढून आरोळी उठते, “मंजूर! मंजूर!” मागचा एखादा सभासद माईक मागत उभा राहतो, तोवर राष्ट्रगीत सुरू होतं. हे ज्यानं पाहिलंय त्याला ऑर्वेलची मेंढरं समजावून सांगावी लागत नाहीत. दिल्ली-मुंबईचे पुढारी पुस्तकात बसोत न बसोत, हा मंडप तंतोतंत बसतो.

मुळात हे कारखाने म्हणजे आमच्याकडचं खरं बंड होतं. व्यापाऱ्याच्या दारात गूळ घेऊन उभं राहणारा शेतकरी शेअर घेऊन मालक झाला. वसंतदादांसारखी तुरुंग फोडून पळालेली माणसं त्यात पडली, ती काय सफरचंदांसाठी नाही. आज दादांच्या नावाचा सांगलीतला कारखानाही खासगी कंपनीला भाड्यानं चालवायला द्यावा लागला आहे. मधल्या काळात दूध कुठं गेलं, हा प्रश्न त्या त्या वर्षीच्या सभेत विचारायचा होता. आणि तो माहिती अधिकारातही सहज विचारता येत नाही. सरकारचा मोठा पैसा किंवा ताबा नसलेल्या सहकारी संस्था त्या कायद्याखाली येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ला सांगून ठेवलंय.

मी मामांना म्हटलं, नेपोलियन कोण ते नंतर बघू, तुम्ही यंदाच्या अहवालातला वाहन आणि प्रवास खर्च तेवढा सभेत विचारा. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला.

“तुला तिकडं बसून सोपं हाय बाय. मी विचारतो. मग माझी तोड कधी येणार?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: लागणीची नोंद कारखान्याकडं, तोडीचा क्रम कारखान्याकडं, तोडणी मजुरांची टोळी कुठल्या रानात पाठवायची ते कारखान्याच्याच शेती खात्याकडं. पक्व ऊस रानात महिना-दोन महिने जास्त राहिला की वजन घटतं आणि एकरी कित्येक टनांचा फटका बसतो. कुणी धमकी देत नाही. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, गोड बोलून सांगतो, “आण्णा, टोळी पळून गेली, पुढच्या आठवड्यात बघू.” नेपोलियनला नऊ कुत्री पाळावी लागली होती. इथं एक यादी पुरते.

म्हणून मला भाच्याच्या वहीचा राग नाही, पण ती स्वस्त वाटते. लांबच्या पुढाऱ्याला डुक्कर म्हणायला काही खर्च येत नाही. मुख्यमंत्र्याला शिव्या देणारा माणूस चेअरमनच्या गाडीला हात करतो, कारण मुख्यमंत्री त्याचा ऊस अडवत नाही.

आणि माझं तर सगळंच फुकट. पुस्तकात मॉली नावाची घोडी आहे. तिला रिबिनी हव्या असतात आणि साखरेचे खडे. बंडानंतर एक दिवस ती शेजारच्या गावात माणसाच्या गाडीला जुंपून घेते, खूश असते, आणि पुढं तिचं नाव कुणी काढत नाही. आम्ही परदेशी गेलेले सगळे त्या जातीचे. मॉलीनं निदान नंतर शेत कसं चालवावं याचे सल्ले पाठवले नाहीत. माझ्याकडं भारतीय पासपोर्ट आहे. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून मला इथं मत आहे, तेही पोस्टानं टाकता येतं. ४ जुलै २०२४ला मी ज्याला मत दिलं त्याचे आजोबा कोण हे मला ठाऊक नाही. त्याआधी ७ मेला सांगलीचं मतदान झालं. तिथं नाव नोंदवलं तरी केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं, म्हणजे विमानाचं तिकीट. ते मी काढलं नाही. मत सांगलीला द्यायचं नाही आणि मतं मात्र सांगलीबद्दल द्यायची, हा धंदा बरा आहे.

मामांना मी आता दुसरं विचारलंय. एकट्यानं नको, पाच-सहा गावांतले वीसेक सभासद मिळून लेखी प्रश्न दिला तर? सभेच्या आधी, पोच घेऊन? एवढ्या जणांचा ऊस एकदम मागं ठेवला तर ते लपणार नाही. त्यांनी नाही म्हटलं नाही. आठ जण तयार झालेत म्हणे, त्यातल्या दोघांनी आपली नावं सगळ्यात खाली लिहायला सांगितलीयत. बाकीच्यांचं म्हणणं एकच, ऊस जाऊ दे, मग बघू. पण सभा सप्टेंबरात असते आणि तोड त्याच्यानंतर. सभेच्या दिवशी सगळ्यांचाच ऊस रानात उभा असतो.