साहेबांना गाडी हवीय? आधी टाकी फुल्ल करून द्या

नाक्यावर पोलिसाचा हात आडवा आला आणि ‘जरा गाडी लागतीय, साहेबांना’ असं कानावर पडलं, की काच खाली करा आणि हसा. आरसी तुमच्या नावावर आहे, हप्ते तुम्ही भरता, एवढ्यावर गाडी तुमची होते होय?

लेखी आदेश मागू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १६० निवडणुकीसाठी गाडी अधिग्रहित करू देतं, म्हणजे सरकारी कामाला तात्पुरती ताब्यात घेऊ देतं, पण आदेश लेखी लागतो. आपत्तीत बचावकार्यासाठी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६५ आहे, तिथेही लेखीच. पण साहेबांनी तोंडाने सांगितल्यावर कागद कशाला?

‘कुठल्या कलमाखाली?’ हे तर ओठांवरही आणू नका. फार तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३१ ऐकवतील, आरोपी पकडायला पोलिसांना मदत करा म्हणणारं. त्यात ‘वाहन’ हा शब्द शोधत बसू नका, तो नाही. (खरंच कुणी आरोपी पळत असेल तर गाडी काढणार नाही असा माणूस विरळा. इथे बहुतेकदा पळत कुणीच नसतं, बंदोबस्ताला पोचायचं असतं.)

किल्ली जुडग्यासकट द्या. घराची किल्लीही असू दे.

आता लॉगबुक, म्हणजे गाडी किती फिरली याची नोंदवही. कोऱ्या पानावर सही ठोका. मीटरचा आकडा लिहू नका, डिझेलचा काटा बघू नका, स्टेपनी, जॅक, पान्हा यांचा फोटो तर मुळीच काढू नका. मग गंमत बघा. निवडणुकीसाठी घेतलेल्या गाडीची लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे भरपाई त्या भागातल्या चालू भाडेदराने ठरते. पण निघतानाचा आकडा नाही, म्हणून किलोमीटर कमी धरले जातात. सोडल्याची तारीख-वेळ नाही, म्हणून तीन दिवसांचा एक दिवस होतो. रक्कम पटली नाही तर लवादाकडे जाता येतं. जा की, कोरं पान घेऊन! वाटेत कुणाला धडक बसली तर? अधिग्रहित गाडीच्या अपघाताची जबाबदारी सरकारची, मालकाची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. पण गाडी अधिग्रहित होती हे दाखवणार कशावरून? आदेश नाही, नोंद नाही, कागदोपत्री गाडी तुम्हीच फिरवत होता. विमा कंपनी हेच विचारते, ‘चालवत कोण होतं, कशासाठी?’ आणि ज्याने हात आडवा केला तो तोवर बदली होऊन गेलेला असतो!

जप्ती म्हणाले तर पंचनामा मागू नका.

अहो, अर्ध्या पानाचा आदेश लिहायला किती वेळ लागतो? गाडी नंबर, कारण, कधीपासून, सही, शिक्का. ४४ व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, घटनेतून नाही. अनुच्छेद ३००क तिथेच आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही. खाकी म्हणजे कायदा नव्हे, तो कागदावर असतो. आणि तुम्ही, मागच्या गाडीतले, पुढच्याला धरलं म्हणून हळूच गल्लीत वळणारे, तुम्हालाही लाज वाटली पाहिजे. निवडणुकीचा लेखी आदेश हातात पडला तर गाडी गुमान द्या, आदेश मोडलात तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६७ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे. आदेश नसेल तर किल्ली खिशात ठेवा, नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्या, आणि ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीला नोंद करायला लावा.