‘बी’, ‘स्ट्राँग’ आणि गूगलमधला क्रमांक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वेबपानावर मजकूर ठळक करणारा ‘बी’ टॅग काढून, तसाच ठळक दिसणारा पण ‘हे महत्त्वाचं’ असं सांगणारा ‘स्ट्राँग’ टॅग घातल्याने गूगलमध्ये काडीचाही फरक पडत नाही, असं मी लिहिलं होतं. तुम्ही तर उकडीच्या मोदकांच्या पानावर सगळे ‘बी’ बदललेत, नुसत्या ठळक ओळींचे ‘एच२’ (उपशीर्षकाचे टॅग) केलेत आणि महिनाभरात भेटी दुप्पट झाल्या. मग नवख्यांची दिशाभूल का करता, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि टॅगने काही होतच नसेल, तर योग्य टॅग वापरा हा आग्रह कशाला, हा दुसरा.

आधी माझी चूक. ‘काडीचाही’ हे मी लिहायला नको होतं. ठळक केलेल्या मजकुरावरून परिच्छेदातलं महत्त्वाचं काय ते समजायला मदत होते, असं गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०२१ मध्ये सांगितलं आहे. मुळात ही दखल पहिल्यापासूनची. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात शब्दाच्या प्रत्येक नोंदीसोबत अक्षराचा आकार, पानावरच्या बाकी मजकुराच्या तुलनेत, टिपून ठेवलेला आहे. पण ‘बी’ की ‘स्ट्राँग’, हा वाद वेगळा. गूगल दोन्ही सारखेच धरतं, हे तेव्हा तिथे असलेल्या मॅट कट्स यांनी २००६ मध्येच सांगून टाकलं होतं. त्या अदलाबदलीने तुमचं पान वर सरकलं, हे मला अजूनही पटत नाही.

मग भेटी का वाढल्या? तुम्हीच लिहिलंय की ‘माहिती’ हे शीर्षक काढून ‘पारीला चिरा पडू नयेत म्हणून उकड कशी काढावी’ असं केलं. हातात चिरलेली पारी धरून बसलेला माणूस हेच शब्द टाइप करतो! माझ्या मते खरं काम या शब्दांनी केलं. शिवाय बदल श्रावणात केलात आणि पुढच्याच महिन्यात गणपती आले. तेव्हा मोदकांचं कुठलंही पान जास्त उघडलं जातं. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपलं पान शोधात कसं दिसतं ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, १६ महिन्यांचा डेटा असतो. क्लिक बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षीच्या गणपतीआधीच्या आठवड्यांतलं सरासरी स्थान यंदाच्याशी ताडून बघा. स्थान सुधारलेलं दिसलं, तर मला जरूर कळवा.

आता आग्रहाबद्दल. माझा थालीपीठ-भाजणीचा लेख बरीच वर्षं गूगलमध्ये वर दिसायचा. त्यात एकही खरं शीर्षक नव्हतं, नुसत्या ठळक ओळी. एकदा माझा दृष्टिहीन मित्र शेजारी बसून तो लेख एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, ऐकत होता. त्याला भाजणीचं प्रमाण हवं होतं. त्याने ‘एच’ कळ दाबली; या कळीने पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. पुढे शीर्षकच नाही, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा दाबली. मग माझ्या आजीची आठवण, दिवाळीतलं दळण, सगळं ऐकत तो खालच्या बाणाने ओळीओळीने उतरत गेला. प्रमाण येईपर्यंत तो काही बोलला नाही. मला फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी मी सगळी शीर्षकं दुरुस्त केली. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे: शीर्षकांचा क्रम नीट असणं स्क्रीन रीडरसाठी उत्तम, शोधाच्या दृष्टीने तो चुकला तरी बिघडत नाही. भाषेचंही तसंच. पानाची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’मध्ये मराठीसाठी ‘एमआर’ लिहिलं काय, न लिहिलं काय, गूगल पानाची भाषा मजकुरावरूनच ओळखतं. पण मराठी मजकूर मराठी आवाजात वाचायचा, हे स्क्रीन रीडरला त्यावरून कळतं.

(शब्दावर जोर देणारा ‘ईएम’ टॅग वापरत असाल तर सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतून, त्याचं तिरपेपण काढा. देवनागरीला तिरप्या अक्षरांची सवय नाही. ब्राउझर अक्षरं नुसती कलती करतो आणि ती वाचताना डोळा अडखळतो.)

टॅगवाचून गूगलचं खरोखर अडतं ते दुव्यांपाशी. तुमच्या पानाचा सोर्स उघडून पाहिला. खालची ‘पुरणपोळी’, ‘करंजी’, ‘निवगऱ्या’ ही नावं ‘डिव्ह’मध्ये, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या नुसत्या चौकटीत, आहेत आणि क्लिक केल्यावर स्क्रिप्ट पुढचं पान उघडते. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं शोधत फिरणारा प्रोग्रॅम, क्लिक करत नाही, तो दुव्याच्या ‘ए’ टॅगमधला ‘एचरेफ’ (पुढच्या पानाचा पत्ता) वाचतो. म्हणजे या पानावरून त्या तीन पाककृतींकडे त्याला वाटच नाही. माझ्या मित्रालाही टॅब दाबत तिथे पोचता येणार नाही. ‘स्ट्राँग’ राहू देत; आधी या तीन ओळी बदला.