उंच पोरगा, शंभर शॉट आणि रिकामा गोल

लातूर-नांदेडपासून जालन्यापर्यंतच्या क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘युरोपचा हँडबॉल उंचीवर आणि ताकदीवर चालतो. उंच पोरं निवडा, रोज शंभर शॉट मारून घ्या, आक्रमणात गोलकीपर काढून सातवा खेळाडू घाला.’ यातलं काहीच साफ खोटं नाही, म्हणूनच ते पटतं.

आधी उंची. गोलपासून नऊ मीटरवरून उडी घेऊन मारणाऱ्याला ती लागतेच. पण नेदरलँड्सचा आख्खा खेळ मधून चालवणारा लुक स्टाइन्स जेमतेम पाच फूट आठ इंचांचा आहे. डेन्मार्कचा मॅथियास गिडसेल उंच असला तरी त्याचा धोका वेगळा: तो दोन डिफेंडरांच्या फटीत घुसतो. असा खेळाडू संघात असलेल्या डेन्मार्कने 2024 च्या ऑलिंपिक फायनलमध्ये जर्मनीला 39-26 असं हरवलं.

फटीला भाव आला त्यामागे नियमही आहेत. रेंगाळणाऱ्या आक्रमणाला पंचांनी इशारा दिला की 2016 पासून सहाच पास मिळायचे. 2022 पासून चारच. इशारा झाल्यावर डाव रचू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

आता ते शंभर शॉट. रांगेत उभं राहून, समोर कुणी नसताना मारलेल्या शॉटने हात तयार होतो, नजर नाही. त्यापेक्षा गोलसमोर फक्कीने दहा मीटर रुंदीचा पट्टा आखा. तीन विरुद्ध दोन, चार पासांत शॉट. आठ आक्रमणं झाली की डिफेंडर बदला. पास पळतच घ्यायचा आणि धाव डिफेंडरच्या अंगावर नाही, दोघांच्या मधे. दोघंही आत ओढले गेले की चेंडू बाहेरच्याला. बिघडतं ते इथेच: पोरं अंगाला अंग लागेपर्यंत चेंडू धरतात, शिट्टी वाजते, फ्री थ्रो मिळतो, पण तोवर बचाव पुन्हा जागेवर. दुसरी खोड म्हणजे चेंडू उभ्याने घेणं. मग चेंडू हातात असताना मिळणारी तीन पावलं वेग पकडण्यातच संपतात. आपल्या मुरमावर टप्पा कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा या सरावात टप्पा बंदच ठेवा.

राहिला सातवा. दोन पिव्होट, म्हणजे गोलजवळ बचावाच्या रांगेतच उभे राहणारे आक्रमक, मधल्या डिफेंडरांना अडकवून ठेवणार असतील तरच त्याचा उपयोग. चेंडू गेला की मागे गोल मोकळा. बदली मध्यरेषेपासून साडेचार मीटरच्या आतूनच. आधीचा बाहेर पडण्याआधी नवा आत शिरला तर दोन मिनिटं बाहेर. चौदा वर्षांखालच्या संघाला हे शिकवूच नका.