बायका घरातच होत्या, मग रस्त्यावर काय बघायचं?

स्त्री-इतिहासाच्या हेरिटेज वॉकबद्दल, म्हणजे गाईडसोबत चालत शहरातल्या जुन्या जागा बघण्याच्या फेऱ्यांबद्दल, एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शहरं पुरुषांनी उभारली, बायका घरात होत्या, त्यांचे पुतळे नाहीत, कारण तसं कर्तृत्वच नव्हतं, मग गाईड गोष्टी रचून वेळ मारून नेतात. इतिहास हवाच असेल तर घरबसल्या पुस्तक वाचा.

पुतळ्यांचं आधी उरकून टाकू. ब्रिटनमध्ये काही स्त्रियांना मताधिकार मिळाला १९१८ साली. त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये बसला २०१८ साली, आणि त्या चौकातला तो स्त्रीचा पहिलाच पुतळा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ॲलिस आणि ज्युलिएट या गोष्टी-नाटकांतल्या पात्रांचे पुतळे होते, पण २०२० पर्यंत प्रत्यक्ष होऊन गेलेली बाई एकही नव्हती. पुतळा कोणाचा बसवायचा हे ठरवणाऱ्यांबद्दल यातून बरंच कळतं. कर्तृत्वाबद्दल काहीच नाही.

‘बायका घरात होत्या’ हा मुद्दा जरा सावकाश घ्यायला हवा. कुठल्या बायका? २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जण गेले, त्यांत १२३ बायका आणि मुली. बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित घरांतल्या, शिलाई मशीनवर दिवस काढणाऱ्या. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. ती इमारत आजही उभी आहे, एक विद्यापीठ ती वापरतं. कारखाना आठव्या ते दहाव्या मजल्यावर होता आणि बंबांच्या शिड्या सहाव्यापर्यंतच पोचल्या, हे पुस्तकातही सापडतं. पण खाली फुटपाथवर उभं राहून, मान वर करून मजले मोजले, की शिडी किती तोकडी पडली ते डोळ्यांना दिसतं. ‘पुस्तक वाचा’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की वाचून गेलात तर फेरी दुप्पट कळते. दोहोंत भांडण लावायचं कारण नाही.

काही ठिकाणी तर चालणं हाच इतिहास आहे. अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात १९७७ मध्ये, लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया जमू लागल्या. घोळक्यानं उभं राहायला बंदी; पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. त्या चालू लागल्या. दर गुरुवारी, चौकातल्या स्तंभाभोवती. त्यांच्या पांढऱ्या रुमालांची चित्रं तिथल्या फरशीवर रंगवलेली आहेत. रस्त्यावर खुणा नाहीत म्हणे!

आणि वास्तूच उरली नसेल तर? पुण्यातला भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याची मुलींची शाळा भरली, २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. तरी जागा बोलते: शाळा गावाच्या कडेला कुठे नव्हती, भर बुधवार पेठेत होती. विरोध किती जवळून झाला असेल, याचा अंदाज तिथे येतो.

राहिला गाईडच्या रचलेल्या गोष्टींचा आरोप. यात तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. लंडनच्या बो भागात १८८८ मध्ये ब्रायंट अँड मे काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका-मुलींनी संप केला. ॲनी बेझंट यांनी तो घडवून आणला, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. बेझंट यांनी कारखान्यातल्या हालांवर लेख लिहिला, पुढे मदतही केली. पण काम बंद पाडलं ते मुलींनी स्वतः. म्हणजे इथे भाकडकथेनं कामगार बायकांचंच श्रेय दुसरीकडे नेलं. तेव्हा गाईडला ‘हे कुठे नोंदलंय?’ असं जरूर विचारा. फक्त हाच प्रश्न किल्ल्यावर, तोफेशेजारी उभं राहून शौर्यकथा सांगणाऱ्यालाही विचारा. तिथे मात्र या मजकुराच्या लेखकांना कधी शंका आलेली दिसत नाही.